तुटक रेषांची नांगी

आमच्या घरात त्या वर्षी भांडण पेटलं ते एक की दोन यावरून. खेकड्याची एकच नांगी घ्यायची की दोन्ही घ्यायच्या. ऐकणाऱ्याला हसू येईल. मलाही आधी आलं होतं, मग हळूहळू गेलं.

हॉयट म्हणजे माझा नवरा. चोकोलोस्की या आमच्या बेटावर त्याच्या घराण्याने दुसरं काही केलेलंच नाही. ऑक्टोबरात बेटांच्या बाहेर, उघड्या आखातात पिंजरे टाकायचे, त्यात आमिष म्हणून डुकराचे पाय ठेवायचे, दगडी खेकडे वर ओढायचे, नांग्या काढून घ्यायच्या आणि खेकडा पुन्हा पाण्यात सोडून द्यायचा. नवी नांगी त्याला येते. या धंद्याचा आम्हाला तोरा आहे, नाही म्हणत नाही. "कोंबडी खाणाऱ्यांनी आम्हाला शहाणपण शिकवू नये," हॉयट म्हणायचा, "आम्ही तंगडी घेऊन कोंबडी परत पाठवतो." हे वाक्य त्याने इतक्या वेळा ऐकवलंय की आमच्या चर्चच्या पाद्रीबाबांनाही ते पाठ आहे.

टेस आमची एकुलती एक. शाळा संपली त्या हंगामापासून ती बापाबरोबर बोटीवर. हॉयटचा उजवा खांदा कामातून गेलेला. पिंजरा वर आला की तो उघडायचा टेसने, खेकडे काढायचे टेसने, नांग्या मोडायच्या टेसने. हॉयट फक्त बोट हाकणार आणि लाटांना शिव्या घालणार. तिच्याशिवाय ती बोट एक दिवस चालली नसती. हे आम्हा तिघांनाही ठाऊक होतं आणि तिघंही त्यावर बोलत नव्हतो.

मी वर्ना. मी बोटीवर जात नाही, मला बोट लागते. मी डूलीच्या वखारीत नांग्या उकडते. बोटी धक्क्याला लागल्या की नांग्या लगेच उकळत्या पाण्यात जायला हव्यात. कच्च्या बर्फात ठेवल्या तर मांस कवचाला असं चिकटून बसतं की गिऱ्हाईक शिव्या देतं. उकडायच्या, गार करायच्या, लहानमोठ्या वेगळ्या करायच्या, हे माझं काम. त्यातून माझ्या अंगठ्याला एक सवय लागली. नांगीच्या आतल्या बाजूला बारीक रेषा असतात, आपल्या अंगठ्यावर असतात तशा. पहिलीच नांगी असेल तर रेषा सलग. एकदा मोडून पुन्हा आलेली असेल तर रेषा तुटक. अंगठा फिरवला की कळतं. तुटक रेषांची नांगी हाती आली की मला बरं वाटायचं. बघा, परत आली, असं मनाशी म्हणायचे. ढीगभर नांग्यांत अशा किती निघतात, हे मात्र मी स्वतःला कधी विचारलं नव्हतं. टेसने विचारलं. मी म्हटलं, निघतात अधूनमधून. आणि मला उगाचच स्वतःचा राग आला.

हे झालं एप्रिलात, हंगामाच्या शेवटी. तेव्हा आमच्या बोटीची खोकी हलकी यायला लागली होती. हॉयट म्हणायचा, पाणी तापलंय, खेकडा हलत नाही. मी खोकी माझ्या हाताने रिकामी करत होते, मला दिसत होतं. खोक्यात सगळ्या जाडजूड, कालवं फोडायच्या नांग्या. त्यांच्या जोडीच्या बारीक नांग्या कुठेच नाहीत. टेस प्रत्येक खेकड्याला एक नांगी राखत होती. मी त्या तशाच उकडत राहिले. मग एके दिवशी हॉयटने चाकावरून मान वळवली आणि एक नांगी हलवत परत पाण्यात जाणारा खेकडा त्याला दिसला.

त्या दिवशी दोघं वेगवेगळे घरी आले. तो बोटीने, ती धक्क्यावर उतरून चालत.

जेवणाच्या टेबलावर सगळं बाहेर पडलं. पिंजऱ्यात एक खेकडा आला होता म्हणे, दोन्ही बाजूंना नुसते खुंट. तो पायांनी मांसाचा तुकडा तोंडाकडे लोटत होता आणि तुकडा पुन्हा पुन्हा पडत होता. टेस बघत राहिली होती. हॉयटचं म्हणणं, म्हणजे जिवंत आहे ना, फुकटचं जेवायला आला ना, मग दुखणं कसलं? कायद्याने दोन्ही घ्यायला मुभा आहे. आखातातल्या सगळ्या बोटी दोन्ही घेतात. एकच घ्यायची तर डिझेलही निघणार नाही. मग तो टेबलावर वाकला आणि आवाज खाली आणून म्हणाला, "मी मोडत नाही, पोरी. मी सांध्यावर दाबतो. नांगी खेकडा स्वतःच सोडतो."

"आणि तुम्ही दाबलंच नाही तर?" टेसने विचारलं.

हॉयटने ताट सरकवलं. तो उठून बाहेर गेला आणि डासांत बसून राहिला.

दुसऱ्या दिवशी टेसने सांगून टाकलं की जवळच्या नेपल्स शहरात पर्यटकांना डॉल्फिन दाखवणाऱ्या एका बोटीवर तिला काम मिळतंय. दोन्ही नांग्या मोडायला ती काही पुढच्या हंगामात येणार नाही. हॉयट म्हणाला, खुशाल जा, मी बोट विकतो. दोघांपैकी एकालाही हे करायचं नव्हतं. बाप तसाच, मुलगी तशीच, नाकाच्या शेंड्यावर राग. मी मधे बसून वाटाणे सोलत होते आणि माझ्या डोक्याचा भुगा झाला होता, कारण बाप बोलला की मला त्याचं पटायचं आणि मुलगी बोलली की तिचं.

शेवटी पैज लागली. ती कल्पना हॉयटची. हंगामाच्या शेवटच्या दिवशी त्याने एक चांगली मोठी मादी निवडली, टेसच्या डोळ्यांदेखत दोन्ही नांग्या काढल्या आणि तिला पाण्यात न सोडता ओल्या पोत्यात गुंडाळून घरी आणली. आमचं घर खांबांवर आहे. खाली सावलीत मासे धुवायचा जुना टब आहे, त्यात तिला ठेवलं. दगड, शेवाळ, लपायला एक पाइपचा तुकडा, भरतीला खाडीचं ताजं पाणी. अख्खा खेकडा असा घरी ठेवणं गुन्हा आहे, म्हणून वर ताडपत्री टाकली. हॉयटने आयुष्यात एवढा एकच कायदा मोडला असेल, आणि तोही स्वतःचं खरं करण्यासाठी.

पुढच्या हंगामाआधी तिला नांग्या फुटल्या तर टेसने बापाच्या पद्धतीने काम करायचं आणि बोट तिच्या नावावर होईल. ती मेली तर हॉयट मरेपर्यंत एका खेकड्याची एकच नांगी घेईल. टेसने एक अट घातली. खायला द्यायची ती बंद कालवं, समुद्रात असतात तशी. फोडून द्यायची नाहीत. "तिथे तिला कोण फोडून देतं?" ती म्हणाली. हॉयटने छाती ठोकून मान्य केलं.

पहिले काही आठवडे ती शेवाळ खरवडून खात होती. मग शेवाळ संपलं. कालवं तळाशी तशीच पडून. ती एकेका कालवावर चढायची, पायांनी चाचपायची, उतरायची. दिवसेंदिवस हालचाल मंद झाली. पाण्यात बोट घातलं तर पूर्वी ती झटकन मागे सरकायची, आता नुसती बघायची. हॉयट तिला म्हातारी म्हणायला लागला होता. तिला नाव देऊ नका, असं त्यानेच आम्हाला बजावलं होतं.

जूनमधल्या एका सकाळी मी कपडे वाळत घालायला खाली गेले. मनात काही नव्हतं. टबातलं एक कालव उचललं, खिशातल्या चाकूने किंचित उघडलं आणि परत ठेवलं. म्हातारी आली आणि पायांनी आत शिरून जेवायला लागली. मला इतकं बरं वाटलं की लाजच वाटली. मी हॉयटला जिंकवत होते का? तसं नव्हतं. टेस हरावी असंही मला वाटत नव्हतं. भूक लागलेल्या जिवासमोर मला उभं राहता येईना, एवढंच. पण वर्षानुवर्षं त्याच जिवांच्या नांग्या मी टोपल्यांनी उकडल्या होत्या, तेव्हा मला ही भूक कुठे दिसली होती?

आठवड्याने मी हॉयटला पकडलं. मी चहाला उठले तर हा टबाशी उकिडवा, हातात कालवं फोडायचा चाकू. मला बघून म्हणाला, खांदा दुखतोय, झोप आली नाही. मी म्हटलं, हो का. वर आले आणि मनातल्या मनात त्याला लबाड म्हटलं. त्याचं मला समजत होतं, त्याला जिंकायचं होतं.

समजलं नाही ते टेसचं. त्याच दुपारी वखार लवकर सुटली, उन्हाळ्यात तिथे नुसती मासळी यायची. मी घरी आले तर खालून आवाज. टेस गुडघ्यांवर बसलेली, कपडे वाळत घालायच्या चिमट्यात सोललेली कोळंबी धरलेली, चिमटा म्हातारीच्या तोंडाशी. "खा ना बाई," ती म्हणत होती. "एवढंसं खा."

मी मागच्या मागे फिरले आणि रस्त्याच्या कडेला जाऊन उभी राहिले. म्हातारी मेली तरच टेस जिंकणार होती. आणि टेसच तिला भरवत होती. पैजेत आता राहिलं तरी काय? हे सांगावं तर कोणाला? सांगितलं असतं तर पैज मोडली असती, पैज मोडली असती तर मुलगी नेपल्सला आणि बोट विकायला.  त्या उन्हाळ्यात आमच्या म्हातारीएवढं खाऊनपिऊन सुखी कोणी चोकोलोस्कीत नसेल.

ऑगस्टात तिच्या खुंटांवर दोन काळपट कोंब दिसले. आणि ऑक्टोबरच्या सुरुवातीला, पिंजरे पाण्यात पडले होते पण नांग्या काढायला अजून मुभा नव्हती त्या दिवसांत, हॉयटने आम्हाला हाक मारून खाली बोलावलं. टबात एक रिकामं कवच पडलं होतं, मागून उघडलेलं. पाइपात म्हातारी बसली होती, मऊ, फिक्या रंगाची, आधीपेक्षा मोठी. पुढे दोन नव्या नांग्या. लहान होत्या, बाहुलीला शोभतील अशा, पण पुऱ्या, काळ्या टोकांसकट.

मला वाटलं होतं हॉयट उड्या मारेल. तो नुसता टबाच्या काठाला धरून उभा राहिला. टेस म्हणाली, ठीक आहे डॅडी, तुम्ही जिंकलात. त्याने मान हलवली. कवच कडक होऊ दे, मग हिला सोडून येऊ, म्हणाला. बोट तिच्या नावावर करायचं बोलला नाही.

सोडायच्या दिवशी मीही गेले. उलटीची गोळी घेतली आणि बसले. बादलीत म्हातारी, वर ओलं पोतं. बेटांमधून बाहेर पडलो आणि पुढे सगळीकडे बुडालेल्या पिंजऱ्यांच्या खुणेचे बोयेच बोये. प्रत्येक बोटीचे वेगळ्या रंगाचे, आमचे पांढऱ्यावर हिरवा पट्टा. टेसने विचारलं, इथे सोडायची का? हॉयट म्हणाला, इथे पाणी उथळ आहे. थोडं पुढे गेल्यावर ती पुन्हा म्हणाली, इथे? हे डूलीच्या पुतण्याचे पिंजरे, हॉयट म्हणाला, तो गाढव सांध्यावर दाबत नाही, उपटतो. मग आमचेच बोये आले, ओळीने, नवे रंगवलेले. हॉयटने बोट हळू केली नाही. तो दक्षिणेकडे वळला.

आम्ही किती तरी वेळ जात राहिलो. मला मळमळत होतं, तरी कुठे चाललोय हे मला कळलं. त्या बाजूला पार्कची, म्हणजे सरकारी अभयारण्याची, हद्द आहे, पाण्यात पाटी रोवलेली. तिच्या आत पिंजरा टाकायला बंदी. हॉयटच्या बापाचं सगळं पाणी त्या हद्दीत गेलं. सासरेबुवा मरेपर्यंत त्या पाटीजवळून जाताना थुंकायचे आणि हॉयटने ती रीत जपली होती. सरकारने कांदळवन वाचवायच्या नावाखाली माणसं बुडवली, हे मी लग्न झाल्यापासून ऐकत आले. आणि आता तोच माणूस पाटी ओलांडून आत गेला. थुंकायला विसरला. इंजिन बंद केलं. आजूबाजूला एकही बोया नव्हता.

"इथे सोड," तो म्हणाला.

टेसने बादली उचलली नाही. "डॅडी, मी तिला कोळंबी भरवत होते. तुमची पैज रद्द आहे."

हॉयटने तिच्याकडे पाहिलं. मग म्हणाला, तोही कालवं फोडून देत होता. दोघांनी माझ्याकडे वळून पाहिलं, आणि मी म्हटलं, माझ्याकडे काय बघताय, सुरुवात मीच केली. हसू आलं तिघांनाही. कितीतरी महिन्यांनी एकत्र हसलो. पण ते लवकर ओसरलं, कारण बादली तिथेच होती आणि आम्हाला आता काहीच ठाऊक नव्हतं. ती जगते की मरते हे बघायला आम्ही तिला आणलं होतं आणि तिघांनी मिळून तिला जगवलं होतं.

"मग इथे का आणलंत?" टेसने विचारलं. तिच्या आवाजात टोमणा नव्हता, तिला खरंच जाणून घ्यायचं होतं. "दाबल्याने तिला काही होत नाही ना? मग आपल्या बोयांपाशी का नाही सोडली?"

हॉयटने बादलीवरचं ओलं पोतं बाजूला केलं. "हिला मी ओळखतो," तो म्हणाला.

 माझ्या जिभेवर आलं होतं, की मग बाकीच्यांना कोण ओळखतं? पण त्याचा चेहरा बघितला आणि गिळलं. त्यानेच बादली काठाशी नेली आणि वाकडी केली. म्हातारी क्षणभर कडेला अडून राहिली, मग गेली. पाण्यात खाली जाताना तिच्या त्या छोट्या नांग्या दोन्हीकडे उघडलेल्या होत्या. तिला पाटी वाचता येत नाही. महिन्याभरात चालत चालत हद्दीबाहेर येईल, हे हॉयटलाही ठाऊक होतं.

परत येताना टेस म्हणाली, पहिल्या दिवशी मी येईन, पुढचं पुढे बघू. एका नांगीची भाषा नाही, दोनांची नाही. हॉयट हो म्हणाला.

हंगाम उघडला. पहिल्या संध्याकाळी मी वखारीत उभी होते, आमची खोकी आली तशी सगळ्यांत आधी तीच ओतली. बघू म्हटलं कोणी नांगी टाकली, बापाने की मुलीने. बारीक नांग्या होत्या, पण जेवढ्या जाड तेवढ्या नव्हत्या. काही जोड्या, काही एकेकट्या. एक की दोन, कशावरून ठरवलं? टेसला विचारलं तर ती म्हणाली, मोडत मी होते, पण दर वेळी डॅडी चाकावरून मागे बघायचे, कधी मान हलवायचे, कधी नाही, मलाही कळलं नाही. हॉयटला विचारलं तर म्हणाला, हात जाईल तसं. जन्मभर कायदा आणि डिझेल यांवर बोलणारा माणूस.

पहिल्या दिवसाच्या नांग्या घरी खायच्या, हे आमच्याकडे सासूच्या सासूपासून चालत आलंय. टेबलावर जुनं वर्तमानपत्र अंथरायचं, मधे नांग्यांचा ढीग, वितळलेलं लोणी, मोहरीचा सॉस, मक्याचा पाव. पहिली नांगी घरच्या कर्त्याने फोडायची आणि आधी स्वतः खायची. हॉयटने ढिगातली सगळ्यांत मोठी उचलली, कवच फोडायला जाड चमचा हातात घेतला, आणि थांबला. त्याने नांगी पालथी केली. आतल्या बाजूवर अंगठा फिरवला, मी वखारीत फिरवते तसा. त्याने असं कधी केल्याचं मला आठवत नव्हतं.

मग त्याने ती माझ्यापुढे धरली. मी अंगठा लावला. रेषा तुटक होत्या.

"परत आलेली आहे," मी म्हटलं.

टेस बापाकडे बघत होती. "म्हणजे तुमचंच खरं, डॅडी," ती हळूच म्हणाली. "येते परत."

"हो," हॉयट म्हणाला. "येते. आणि आपण ती पुन्हा घेतली."

त्याने नांगी वर्तमानपत्रावर ठेवली. जपून ठेवली, आवाज न होता. पावाचा तुकडा मोडला, लोण्यात बुडवला आणि तोच चावत बसला. टेसनेही ढिगाला हात लावला नाही. ती एवढी मोठी नांगी मधोमध पडून राहिली आणि आम्ही तिघं तिच्याभोवती.

मला दोघांचा राग आला. आता काय करायचं हिचं? फेकून द्यायची? दोनदा उगवलेली वस्तू कचऱ्यात घालायची, ते तर सगळ्यांत वाईट. परत लावता येत नव्हती. मी ती उचलली, चमच्याने फोडली आणि दोघांच्या देखत खाल्ली. डोळ्यांना पाणी आलं, तरी सगळी खाल्ली, सांध्यातला बारीक तुकडासुद्धा ठेवला नाही. सॉस घेतला नाही, लोणी घेतलं नाही.

गोड होती.